कंसातली ओळ

पत्र : दादा, मी १९ वर्षांचा आहे. रग्बी खेळतो, ओपनसाइड फ्लँकरच्या जागेवर, पाठीवर ७ नंबर. एका व्यावसायिक क्लबाने त्यांच्या अकादमीचा दोन वर्षांचा करार पाठवलाय आणि महिनाअखेरपर्यंत सही करायला सांगितलंय. त्याच वेळी इंजिनिअरिंगला प्रवेशही मिळालाय. आई म्हणते, खेळ चार दिवसांचा, शिक्षण जन्माचं. बाबा म्हणतात, तुझं तू ठरव. एजंट म्हणतो, अशी संधी परत येत नाही. क्लबाला माझं वजन ९६ किलोंवरून १०२ झालेलं हवंय. मला रग्बीशिवाय दुसरं काही सुचत नाही. काय करू? (निवड सामन्याच्या सहा दिवस आधी टॅकल करताना, समोरच्याला धरून पाडताना, डोक्याला त्याचा गुडघा लागला होता. मधलं थोडं आठवत नाही. सांगितलं असतं तर निवड सामना गेला असता, म्हणून कुणाला बोललो नाही. तीन आठवडे झाले, आता ठीक आहे, फक्त फ्लडलाइटखाली डोकं दुखतं.)
— तुमचा सात नंबर

प्रिय सात नंबर,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. करारावर बोलायचंय, कॉलेजवर बोलायचंय, आईवर आणि एजंटवरही बोलायचंय. पण पत्रातली सगळ्यात जड ओळ तू शेवटी कंसात घालून ठेवलीस, जणू ती कुणी वाचली नाही तरी चालेल. मी तिथूनच सुरुवात करतो.

आजच्या आज डॉक्टरांची वेळ घे. कराराचा कागद तसाच पडू दे. डोक्याला मार बसला, मधलं आठवत नाही, आणि तीन आठवड्यांनंतरही प्रखर दिव्याखाली डोकं दुखतं, हे तिन्ही त्यांना जसंच्या तसं सांग. ते हो म्हणेपर्यंत टॅकल नाही, सराव नाही, ‘हलकंच खेळतो’ असंही नाही. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण रग्बीत निदानाची वाट बघतच नाहीत. कन्कशनचा, म्हणजे मार बसून मेंदू हादरल्याचा, नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढतात आणि त्या दिवशी परत आत पाठवत नाहीत. वरच्या पातळीवरच्या सामन्यात डॉक्टर हजर असतात, व्हिडिओ बघायची सोय असते, म्हणून फक्त तिथे संशयित खेळाडूला १२ मिनिटं बाहेर नेऊन तपासतात आणि मग परत पाठवायचं की नाही ते ठरवतात. लक्षणं उघड दिसत असतील तर ती १२ मिनिटंही देत नाहीत, तो गडी त्या दिवसापुरता संपला. सामना संपल्यावर तीन तासांच्या आत पुन्हा तपासणी, आणि दोन रात्रींची झोप झाल्यावर तिसरी. २०२४ पासून तिथल्या खेळाडूंच्या माउथगार्डमध्ये सेन्सरही आले, मोठा धक्का बसला की डॉक्टरांना लगेच कळतं. तुझ्या सामन्यात यातलं काही नव्हतं. तिथे कळण्याचा एकच मार्ग होता, तू सांगणं.

तुझ्यासारख्या अजून व्यावसायिक नसलेल्या खेळाडूने कन्कशननंतर सामन्यात उतरायला किमान २१ दिवस घ्यावेत, असं वर्ल्ड रग्बीचं, म्हणजे खेळाच्या जागतिक संघटनेचं, सांगणं आहे, तेही लक्षणं पूर्ण गेलेली असतील तर. तू सहाव्या दिवशी खेळलास. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर काय होऊ शकतं, हे लिहिताना माझा हात अडखळतो. क्वचित घडतं, पण घडतं ते बहुतेक तुझ्या वयाच्या मुलांच्या बाबतीत, आणि त्यात मुलं दगावली आहेत.

तू का लपवलंस ते मला विचारावं लागत नाही, कारण मीही लपवलं होतं. तेव्हा मी २३ वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होतो, कराराचं शेवटचं वर्ष होतं. रकमध्ये, जमिनीवरच्या चेंडूसाठीच्या रेटारेटीत, खाली वाकलो असताना कुणाचा तरी खांदा कानामागे बसला. उठलो. पुढचा लाइनआउट, म्हणजे रेषेबाहेरून दोन रांगांमध्ये चेंडू फेकणं, आमचाच होता. चेंडू फेकणाऱ्या हुकरने तो जर्सीला पुसला आणि कोड ओरडला, दोन आकडे आणि एक शब्द. आठवडाभर आम्ही तो घोकला होता. शब्द मला ऐकू आला, ओळखीचाही वाटला, पण त्याचं करायचं काय, उडी मारणाऱ्याला उचलायचं की मागे पळायचं, हे काही केल्या उमगेना. मी शेजारच्याच्या पायांकडे बघितलं आणि ते हलले तसा हललो. उरलेली वीस मिनिटं मी दुसऱ्याच्या पायांकडे बघून काढली. नंतर डॉक्टरांनी विचारलं, “बरा आहेस ना?” मी म्हटलं, “एकदम.” गाडीत बसलो आणि किल्ली हातात धरून तसाच बसून राहिलो, कारण गेटातून डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे आठवत नव्हतं. पुढच्या शनिवारी मी परत खेळलो. तो सामना आम्ही जिंकला. त्याचा व्हिडिओ माझ्याकडे आहे. त्यात माझा नंबर घातलेला एक माणूस छान टॅकल करताना दिसतो, आणि तो मीच आहे हे मला इतरांच्या सांगण्यावरून मानावं लागतं.

स्टीव्ह थॉम्पसनचं नाव तू ऐकलं असशील. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडच्या संघाचा हुकर. २०२० च्या डिसेंबरमध्ये, चाळिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याने आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचं जाहीर केलं आणि सांगितलं की तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही. ज्या सामन्यासाठी माणूस आयुष्य वेचतो, तो सामनाच हरवला. त्याच्याबरोबर आणि त्याच्यानंतर कितीतरी माजी खेळाडू खेळ चालवणाऱ्या संस्थांविरुद्ध कोर्टात गेले. रग्बी युनियन, म्हणजे आपला हा खेळ, अधिकृतपणे व्यावसायिक झालं ते २६ ऑगस्ट १९९५ ला, पॅरिसमधल्या बैठकीत. म्हणजे हा पेशा वयाने अजून लहान आहे. पूर्णवेळ टॅकल करून पोट भरणाऱ्यांची पहिली पिढी आता कुठे पन्नाशीच्या आसपास पोचली आहे. अशा आयुष्याचं शरीर पुढे काय करतं, हे सगळे जण त्यांच्याकडे बघूनच शिकत आहेत. तुला त्यांच्यापेक्षा जास्त माहिती आहे. ती वापर.

‘सांगितलं तर करार जाईल का?’ हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मला ऐकू आला. जाऊ शकतो, तुला खोटं सांगणार नाही. बहुतेक वेळा मात्र सही लांबते, वैद्यकीय तपासणी होते, मेंदूच्या तज्ज्ञाकडे पाठवतात आणि तू थोडा उशिरा रुजू होतोस. उलट, लपवून सही केलीस तर काय होतं ते ऐक. सहीआधी क्लबाची वैद्यकीय तपासणी असते आणि एका कागदावर जुन्या दुखापती लिहायच्या असतात. तिथे तू ‘काही नाही’ असं लिहिशील. पुढे कधी डोक्याच्याच दुखापतीने खेळ थांबला आणि विम्याचे पैसे मागायची वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येईल की आधी असं झालं होतं का. आधीची दुखापत दडवलेली निघाली, की दावा फेटाळायला विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. आणि हे पहिलं कन्कशन तुझ्या नोंदीतच आलं नाही, तर पुढच्या वेळी डॉक्टर दुसऱ्याला पहिलं समजूनच निर्णय घेतील. २०२२ पासून वरच्या पातळीवर बहुतेक खेळाडूंना कन्कशननंतर किमान १२ दिवस बाहेर बसवतात, आणि किती दिवस हे ठरवताना आधी कितीदा झालंय ते बघतात. तो हिशेब तुझ्या भल्यासाठी आहे, त्यात खोटा आकडा भरू नकोस.

आता करार. माझं मत विचारलंस तर डॉक्टरांनी मोकळं केल्यावर तू सही करावीस. रग्बीशिवाय दुसरं काही सुचत नाही असं १९ व्या वर्षी वाटणं हे छोटं कारण नव्हे, माझ्या लेखी तेच खरं कारण आहे. पण सही करताना तू दोन वर्षांवर सही करतोयस, आयुष्यावर नाही, हे डोक्यात पक्कं ठेव. अकादमीत येणाऱ्या मुलांपैकी वरच्या संघात सगळेच पोचत नाहीत. पोचलेल्यांतलेही कितीतरी जण तिशीच्या आसपास थांबतात. तुझ्याच जागेवरचे दोघे बघ. रिची मॅकॉ न्यूझीलंडसाठी १४८ कसोटी, म्हणजे आंतरराष्ट्रीय सामने, खेळला आणि २०१५ चा विश्वचषक उचलून ३४ व्या वर्षी स्वतःच्या मर्जीने थांबला. सॅम वॉरबर्टनने वेल्सचं आणि दोन दौऱ्यांवर लायन्सचं, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्र संघाचं, नेतृत्व केलं, आणि २०१८ मध्ये २९ व्या वर्षी, मान आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर, शरीर आता साथ देत नाही म्हणून बूट ठेवले. दोघेही ७ नंबर, दोघेही आपल्या पिढीतले सर्वोत्तम. ब्रेकडाउनवर, म्हणजे टॅकलनंतर चेंडूसाठी झटापट होते तिथे, पहिला पोचणारा, चेंडूवर वाकलेला, आणि त्या वाकलेल्या अवस्थेत शंभर-सव्वाशे किलोंची माणसं अंगावर घेणारा गडी तूच असतोस. या जागेची किंमत काय असते ते तुझ्या मानेला आणि खांद्यांना आधीच थोडंफार कळलं असेल.

एजंट म्हणतो ‘परत येत नाही’. एजंटचं पोट सहीवर चालतं, हे विसरू नकोस. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, माझा एजंट भला होता. पण महिनाअखेरची तारीख क्लबाची आहे, आणि वैद्यकीय कारणासाठी ती पुढे सरकवून मागता येते. ज्या देशांत खेळाडूंची संघटना आहे तिथे ती करार वाचून देते, वकील मिळवून देते. एजंटच्या आधी तिला फोन कर. वाचताना पगाराचा आकडा शेवटी बघ. आधी हे बघ की दुखापतीमुळे खेळता आलं नाही तर पगार किती महिने चालू राहतो, आणि किती महिन्यांनंतर क्लबाला करार मोडता येतो. गुडघ्यातला लिगामेंट तुटला तर साधारण नऊ महिने जातात. करार सहाव्या महिन्यात मोडता येत असेल, तर तू अर्ध्या वाटेवर एकटा पडशील. शस्त्रक्रियेचा आणि नंतरच्या फिजिओचा खर्च कुणाचा? करार संपला तेव्हा तू जखमी असशील तर उपचार कोण पूर्ण करणार? तिसऱ्या वर्षाचा पर्याय लिहिला असेल तर तो तुझ्या मर्जीचा आहे की फक्त क्लबाच्या? दुसऱ्या क्लबाकडे उसना पाठवायचं झालं तर तुझी परवानगी लागते का? या चार-पाच ओळी पगारापेक्षा जास्त पैशांच्या असतात.

आणि क्लबही पडतात. २०२२ मध्ये इंग्लंडच्या सर्वांत वरच्या स्पर्धेतले वूस्टर आणि वॉस्प्स हे दोन क्लब एकाच हंगामात आर्थिक संकटात कोसळले, पुढच्या वर्षी लंडन आयरिश. आंतरराष्ट्रीय खेळाडू असलेले क्लब होते ते. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती असे खेळाडू हंगाम चालू असतानाच नोकरी शोधत फिरले.

म्हणूनच आईचं म्हणणं मला अर्धं पटतं. खेळ चार दिवसांचा, हे खरं. पण शिक्षण सोडायचं की खेळ, असा प्रश्न तुझ्यासमोर नाहीच. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, ते कॉलेजला लेखी विचार. येत नसेल तर निम्म्या विषयांना बसता येतं का ते विचार, आणि अभ्यासाच्या वेळेची ओळ करारात घालून माग. व्यावसायिक खेळाडूचा दिवस बाहेरून वाटतो तितका भरलेला नसतो. साधारणपणे सोमवारी व्हिडिओ आणि वजनं, मंगळवारी दमछाक करणारा सराव, बुधवारी सुटी, गुरुवारी पुन्हा सराव, शुक्रवारी हलकी धाव, शनिवारी सामना. पूर्ण ताकदीने अंगाला अंग भिडवणारा सराव आठवड्याला १५ मिनिटांहून जास्त नको, अशी वर्ल्ड रग्बी आणि खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सूचना २०२१ पासून आहे. (तुझा नवा क्लब ती पाळतो का, हे तिथल्या मुलांना विचार. त्या उत्तरावरून क्लब कळेल.) उरलेल्या दुपारी बहुतेक जण फोन आणि व्हिडिओ गेममध्ये घालवतात. मीही घालवल्या, अकरा हंगाम. वेल्सचा खेळाडू जेमी रॉबर्ट्स मात्र त्याच दुपारी वैद्यकशास्त्र शिकत होता. २००९ च्या लायन्स दौऱ्यात तो मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला तेव्हा तो विद्यार्थीच होता, आणि २०१३ मध्ये डॉक्टर झाला. इंजिनिअरिंग चार वर्षांऐवजी सात वर्षांत झालं तर काही बिघडत नाही.

माझा शेवट कसा झाला तेही सांगतो. ३१ वर्षांचा होतो. हंगाम संपायला दोन महिने होते. प्रशिक्षकांनी खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं, टेबलावर पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. त्या पेल्यावरूनच कळलं. चार मिनिटांत बाहेर आलो. लॉकर रिकामं केलं तेव्हा बूट, दोन रोल टेप आणि कानाला बांधायची एक जुनी पट्टी निघाली. माझ्याकडे पदवी नव्हती, दुसरं कुठलं काम मी कधी केलं नव्हतं, आणि फॉर्मवर ‘व्यवसाय’ या शब्दापुढे काय लिहायचं हे मला कितीतरी महिने कळलं नाही. ते महिने कठीण गेले. त्या खोलीत तू कधीतरी जाशील, वॉरबर्टनसारखा लवकर किंवा मॅकॉसारखा उशिरा. जाशील तेव्हा हातात आणखी काही असावं, एवढीच माझी धडपड आहे.

वजनाचं थोडक्यात. सहा किलो हे एका उन्हाळ्याचं काम नाही. घाईने वाढवलेलं वजन टॅकलमध्ये उपयोगी पडत नाही आणि गुडघ्यांना छळतं. दीड-दोन वर्षांची मुदत माग. कुणी पावडर किंवा गोळी दिली तर क्लबाच्या आहारतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय तोंडात घालू नकोस. तुझ्या शरीरात जे सापडेल त्याला तूच जबाबदार धरला जातोस, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. स्टेरॉइडची बंदी चार वर्षांपर्यंतची असू शकते, आणि १९ अधिक चार म्हणजे अकादमीचं वय संपलेलं असतं.

परदेशी लीग, राष्ट्रीय संघ, यावर आता डोकं शिणवू नकोस. फक्त एक ध्यानात ठेव. काही देश राष्ट्रीय संघासाठी मायदेशी खेळणाऱ्यांनाच निवडतात, न्यूझीलंडचं धोरण असंच आहे. त्यामुळे बाहेरचा मोठा करार कधी आला तर त्याच्याबरोबर काय जातं ते आधी विचारायचं. तो दिवस आला की पुन्हा पत्र लिही.

राहिली आई. तिला कंसातलं सांग. तू लिहिलं नाहीस, पण तिला माहीत नाही हे मला ओळींमधून दिसतंय. ती घाबरेल, करार फाडायला निघेल, दोन दिवस घरात कुणी नीट बोलणार नाही. तरी सांग. कन्कशननंतर माणूस चिडचिडा होतो, झोप बिघडते, विसरायला होतं, आणि ज्याचं त्याला ते समजत नाही. ते पहिल्यांदा घरच्यांना दिसतं. तू बदललास हे ओळखणारं माणूस तुझ्या आयुष्यात आत्ता एकच आहे, आणि तू तिच्यापासूनच लपवतोयस. डॉक्टरांकडे तिला बरोबर घेऊन जा. डॉक्टर विचारतील, “वागण्यात काही फरक?” तू म्हणशील, “नाही.” ती काय म्हणते ते ऐक.

क्लबाला काय लिहायचं हा प्रश्न पडेल, म्हणून मजकूर देतो, हवा तसा बदल: ‘निवड सामन्याच्या सहा दिवस आधी मला डोक्याला मार बसला होता आणि मी तो सांगितला नव्हता. ही माझी चूक झाली. मी डॉक्टरांना दाखवतो आहे. त्यांचा अहवाल येईपर्यंत सहीसाठी मुदत वाढवून मिळावी. मला तुमच्या क्लबात खेळायचं आहे.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. संघाच्या डॉक्टरांनाही त्याची प्रत पाठव.

उत्तर काय आलं ते मला कळव, आणि फ्लडलाइटखालची डोकेदुखी कधी थांबली तेही.

तुझा,
दादा